लोड टाकून बघ

निपाणी भागात महापूर ओसरला की दोघांना जेवायला सवड मिळत नाही. एक गाळ उपसणारा जेसीबीवाला आणि दुसरा मोटरी भरून देणारा वाइंडर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये हेच झालं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा झालं. वेदगंगेचं पाणी यमगर्णीजवळ हायवेवर आलं, पुणे-बेंगळुरू वाहतूक थांबली, ट्रकांच्या रांगा टीव्हीवर दिसल्या. नदीकाठच्या पंपांची मात्र बातमी होत नाही. पाणी उतरलं की शेतकरी ते गाळासकट ट्रॉलीत घालतात आणि वाइंडिंगच्या दुकानापुढं आणून टाकतात. दुकानात शिरायला वाट राहत नाही.

ही गोष्ट अशाच एका दुकानातली आहे. नद्या, गावं, वीजसंस्था खऱ्या आहेत. माणसं आणि त्यांचं बोलणं गोष्टीपुरतं.

दुकान मामांचं. मामा मूळचे हुक्केरी तालुक्यातले. खेडोपाडी वीज न्यायची तर ती शेतकऱ्यांच्याच सहकारी संस्थेनं का वाटू नये, असा प्रयोग १९६९ च्या सुमारास देशात पाच ठिकाणी सुरू झाला. त्यातली एक संस्था हुक्केरीची. महाराष्ट्रातली मुळा-प्रवरा तिच्याच पिढीची. मुळा-प्रवराचा कारभार २०११ साली आटोपला, हुक्केरीची संस्था मात्र अजून तालुक्याला वीज वाटते. सीमाभाग म्हटलं की आपल्याला भाषेचा वाद आठवतो. असली कर्तबगारी कुणी सांगत नाही. तर संस्थेचे खांब उभे राहत होते तेव्हा मामा चड्डीत होते आणि खड्डे खणणाऱ्या गड्यांना पाणी नेऊन द्यायचे. गावात पहिला दिवा लागला त्या दिवशी त्यांनी शाळा सोडायचं ठरवलं. पुढं संकेश्वरात एका उस्तादाच्या हाताखाली मोटरी भरायला शिकले आणि निपाणीत दुकान टाकलं. शिक्षण सातवी. मराठी आणि कानडी सारख्याच तोऱ्यात.

२०२१ साली दसऱ्याच्या आसपास त्यांचे दोन भाचे दुकानात येऊन बसायला लागले. थोरल्या बहिणीचा सागर निपाणीजवळच्या गावचा, म्हणजे कर्नाटकातला. धाकट्या बहिणीचा ओंकार कागलचा, म्हणजे महाराष्ट्रातला. दोघांत अंतर अर्ध्या तासाचं, पण एकाची इंजिनिअरिंगची सीईटी बेंगळुरूची आणि दुसऱ्याची मुंबईची. करोनामुळं त्या साली कर्नाटकात पीयूसीची, म्हणजे बारावीची, परीक्षाच झाली नव्हती, त्यामुळं सगळी भिस्त सीईटीच्या रँकवर. सागरला जो रँक आला त्यात एका नव्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स मिळत होतं, किंवा बेळगावच्या एका जुन्या कॉलेजात इलेक्ट्रिकल अँड इलेक्ट्रॉनिक्स. ओंकारचं ठरलेलं होतं, कॉम्प्युटर. का, असं विचारलं तर तो म्हणायचा, "सगळेच घेतात की."

सागरच्या घरात रोज रात्री जेवताना हाच विषय निघे. सागरचे वडील म्हणजे आप्पा. त्यांची तंबाखू आणि थोडा ऊस. तंबाखूला भाव मागण्यासाठी १९८१ साली निपाणीला जे आंदोलन झालं, त्यात आप्पांचे वडील हायवेवर बसले होते. गोळीबारात माणसं गेलेली त्यांनी पाहिली होती. त्या घरात एक गोष्ट पक्की झाली होती, की पोरानं शेतीच्या बाहेर पडायचं.

"कॉम्प्युटर घे," आप्पा म्हणायचे. "इलेक्ट्रिकल म्हंजे काय, खांबावर चढायचं? त्याला आयटीआय पुरतंय की."

आईचं दुखणं वेगळं. त्यांच्या भावकीतला एक जण पावसाळ्यात ओल्या फ्यूजपेटीला हात लावून गेला होता. ती म्हणायची, "करंटचं काम नको रं बाबा. दुसरं काय बी कर."

एका नातेवाइकानं तिसरीच वाट सांगितली. सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात इंजिनिअरिंगला जागा असतात, सांगलीला किंवा कोल्हापूरला जा. त्यासाठी तिकडची सीईटी द्यावी लागते आणि सागरनं ती दिली नव्हती, एवढं कळल्यावर तो विषय संपला.

सागरला स्वतःला विचाराल तर इलेक्ट्रिकल आवडत होतं, पण आवडीचं कारण त्याला धड सांगता येत नव्हतं. विजेच्या गाड्यांचे व्हिडिओ बघितले होते. तो मामांना म्हणाला, "मामा, ईव्हीचं फ्युचर लई मोठं आहे."

मामांनी तंबाखू मळत त्याच्याकडं बघितलं. "फ्युचर मागनं बघू. आधी ही मोटर उघड."

आणि मग त्यांनी दोघांपुढं एक अट ठेवली. ऑप्शन एन्ट्रीला, म्हणजे कॉलेज आणि शाखा निवडून भरायला, अजून वेळ होता. तोवर दोघांनी दुकानात बसायचं. "जी लाईन घ्यायची तिचं जळल्यालं बगून मग घ्या. चालत्या मोटरीच्या पाया कोण बी पडतंय."

ती मोटर होती तात्या नावाच्या एका गिऱ्हाइकाची. पाच हॉर्सपॉवर, नदीकाठची. महापुरानंतर ती भरून नेली, महिन्यात जळली. पुन्हा भरून नेली, पुन्हा जळली. आता तिसऱ्यांदा आली होती. तात्या दुकानाच्या पायरीवर बसून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत होते, की तार हलकी घातली, वार्निश पातळ मारलं. वाइंडिंगवाल्याला याहून मोठी शिवी नाही.

सागरनं बोल्ट सोडले, झाकण काढलं, रोटर ओढून बाजूला ठेवला. आत स्टेटरच्या खाचांमध्ये तांब्याच्या कॉइली गोल बसलेल्या असतात, गटागटानं. जळक्या वार्निशचा वास नाकात गेला की दोन दिवस जात नाही. त्यानं बॅटरी मारून बघितलं. सगळ्या कॉइली काळ्या नव्हत्या. एक गट कोळसा झालेला, पुढचे दोन गट लखलखीत तांबडे, मग पुन्हा एक काळा, दोन चांगले. असं पूर्ण फेरीभर.

"काय दिसतंय?" मामांनी विचारलं.

"दोन सोडून तिसरा गट जळलाय."

"आनि सगळा सारखा काळा असता तर?"

सागर गप्प.

"सगळा सारखा काळा म्हंजे लोड जास्त, न्हाईतर पंप अडकला. एकाच जागी भोक पडलं म्हंजे तार दुखावलीया, तिथं आमची चूक. पर असं पट्ट्यापट्ट्यानं जळलं तर तीनातला एक फेज आजारी. ह्यो रोग मोटरीचा न्हाई, भाईरनं आलाय."

पुस्तकात सागरनं थ्री फेजची आकृती काढली होती, वर्गमुळात तीन कुठून येतं तेही लिहिलं होतं. मामा १.७३ हा आकडा चाळीस वर्षं वापरत होते आणि तो कुठून येतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या दुपारी सागरनं त्यांना पाटीवर तीन बाण काढून ते समजावून दिलं. मामा बराच वेळ पाटीकडं बघत राहिले. "आसं व्हय," एवढंच म्हणाले. मला या गोष्टीतली ही जागा सगळ्यात आवडते. भाच्याला जळक्या गटांची भाषा मिळाली आणि मामांना त्यांच्याच आकड्याचं मूळ मिळालं. दोघांपैकी एकाकडंच असतं तर पुढचं काही झालं नसतं.

एक फेज आजारी म्हटल्यावर मामांनी निकाल देऊन टाकला. चूक तात्यांची. आपल्याकडं पंपांना थ्री फेज दिवसातले मोजके तास मिळते. उरलेल्या वेळात घरच्या दिव्यांपुरती वीज असते. काही शेतकरी त्यावरच कंडेन्सर टाकून मोटरीला फसवतात. मोटर फिरते, पाणीही येतं, पण एका गुंडाळीवर नको तेवढा ताण पडतो आणि ती जळते. मामा तात्यांना म्हणाले, "कंडेन्सर काढा, मग माझ्या वार्निशला नावं ठेवा."

तात्या उठून उभे राहिले. दुसऱ्यांदा मोटर जळाली त्याच दिवशी त्यांनी कंडेन्सर विहिरीत फेकला होता. पोराच्या शपथेवर सांगायला लागले. मामांनी ऐकून घेतलं, पण विश्वास ठेवला नाही. चाळीस वर्षांत अशा शपथा त्यांनी पुष्कळ ऐकल्या होत्या.

इकडं ओंकारला स्टेटरचा वास सहन होत नव्हता. कॉइल घालायला बसवलं तर तासाभरात बोटं कापून घेतली आणि फोन काढून बसला. मामांनी त्याला उधारीची वही दिली. म्हणाले, हे तुझ्या यंत्रात घाल, कुणाकडनं किती यायचं ते तरी कळंल. ओंकारनं ती वही घरी नेली. मामांचं अक्षर म्हणजे अर्धं मराठी, अर्धं कानडी आणि वर तंबाखूचे डाग. तरी त्यानं रात्री दोनपर्यंत बसून महापुरानंतरची सगळी नोंद लॅपटॉपवर चढवली. कुणी सांगितलं नव्हतं, पण गावाप्रमाणं, तारखेप्रमाणं, मोटरीप्रमाणं लावूनही बघितली. सकाळी दुकानात येऊन त्यानं एक प्रश्न विचारला.

"मामा, पुरात बुडालेल्या मोटरी एकदा आल्या ते बरोबर. पण ह्या काही जणांच्या पुन्हा पुन्हा का आल्यात?"

त्यानं नावं वाचली. मामांना प्रत्येक गिऱ्हाइकाचा पंप कुठं आहे आणि कुठल्या टीसीवर आहे हे तोंडपाठ. टीसी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. पलीकडं कागलला त्यालाच डीपी म्हणतात. चौथ्या नावाला मामांच्या हातातली तार थांबली. पुन्हा पुन्हा आलेल्या जवळजवळ सगळ्या मोटरी एकाच टीसीवरच्या होत्या, नदीच्या अंगाच्या. तात्यांचा पंप त्याच लाईनीच्या टोकाला.

"सगळ्यांनीच कंडेन्सर टाकलाय का मग?" ओंकारनं विचारलं.

दुपारी मामा आणि सागर मोटरसायकलवरून नदीला गेले. सागरनं तात्यांच्या स्टार्टरपाशी मीटर लावला. तिन्ही फेजमधलं व्होल्टेज सारखं, ४१० च्या आसपास. लाल-पिवळा, पिवळा-निळा, निळा-लाल, कुठंच खोट नाही. कंडेन्सर खरोखरच नव्हता. मामांनी मान हलवली. तात्या जिंकल्यासारखे बघत होते, पण त्यांची मोटर जळत होती ती जळतच होती.

परतीच्या वाटेवर सागर काही बोलला नाही. रात्री जेवताना मात्र म्हणाला, की मला तिथं रात्री जायचंय. थ्री फेज रात्री अकराला पुन्हा येते, तेव्हा सगळे पंप एकदम चालू होतात. दुपारी थ्री फेज असली तरी एकही पंप चालू नव्हता.

आईनं ताट बाजूला सारलं. चिखल, नदीकाठ, साप आणि वर करंट. आप्पा म्हणाले, नसत्या उठाठेवी. शेवटी मामांना फोन लावला. मामा म्हणाले, मी संगं हाय, आणि आक्का, एक आईक. "करंटला भ्यायलाच पायजे. भीत न्हाई त्यो मरतोय. लाईन बंद करायची, बंद झाली का ते तपासायचं, अर्थ करायचं, मग हात. तुझ्या पोराला मी आधी हेच शिकीवनार. आज तर आमी नुसता मीटर धरनार, टीसीला हातसुद्धा लावनार न्हाई. ती आपली न्हवं." आईचं समाधान झालं नाही, पण तिनं दोघांसाठी चहा थर्मासमध्ये भरून दिला.

अकराला करंट आला. पलीकडच्या काठावरनं कुणीतरी ओरडलं, "करंट बंतेनु?" आणि अंधारात एकामागून एक पंप धरले. जळकी मोटर दुकानात असल्यामुळं तात्यांनी भावाची मोटर आणून जोडली होती. सागरनं मीटर लावला. आता लाल-पिवळा ३८५, निळा-लाल ३८६, आणि पिवळा-निळा ४०८.

"दोन आकडे खाली आलेत, एक जागेवर," सागर म्हणाला. "खाली आलेल्या दोन्हीत लाल आहे. लाल फेजला कुठंतरी अडतंय."

पंचवीस व्होल्ट म्हणजे काही फार नव्हे असं वाटेल. पण थ्री फेज मोटरीचा स्वभाव असा, की व्होल्टेजमध्ये जेवढ्या टक्क्यांचा असमतोल, त्याच्या सहा ते दहा पट असमतोल करंटमध्ये होतो. एका गुंडाळीवर भार चढतो, ती तापते, बाकीच्या दोन थंड राहतात. ओव्हरलोड रिलेनं अशा वेळी मोटर बंद करायची असते. तात्यांनी रिलेचा काटा शेवटच्या खुणेपर्यंत नेऊन ठेवला होता, सारखी मोटर बंद पडते म्हणून. आपल्याकडं निम्म्या स्टार्टरांची हीच अवस्था असते. राखणदारामुळं झोपमोड होते म्हणून त्याला घरी पाठवून दिलेलं असतं.

दोघं बांधावरनं टीसीकडं चालत गेले आणि लांबच उभे राहिले. खांबावर फ्यूजच्या पकडीपाशी, लाल फेजच्या जागी, थांबून थांबून बारीक निळी ठिणगी पडत होती. महापुराचं पाणी तिथवर चढलं होतं. पकडीचा धातू गंजला होता. एकटादुकटा पंप चालू असताना त्यातून जाणारा करंट कमी, म्हणून खोट दिसत नव्हती. सगळ्यांनी एकदम ओढलं की तिथंच व्होल्टेज खर्ची पडत होतं. वायरमन दिवसा येऊन बघून गेला असता तरी त्याला काही दिसलं नसतं. आणि त्याला बोलावलंच कोण होतं? प्रत्येकाला वाटत होतं की आपली मोटर जळली.

परतताना मामा एकदाच बोलले. "त्या एका टीसीनं आमची दिवाळी केलीया औंदा."

सागरला आधी कळलं नाही. मग कळलं. ओंकारच्या यादीतली प्रत्येक मोटर मामांच्या दुकानात भरली गेली होती, आणि एकेक भरायचे चार-चार हजार. मामांनी फोन केला नाही तरी त्यांना कुणी काही म्हणणार नव्हतं. सकाळी दुकान उघडायच्या आधी मामांनीच वीजखात्याच्या सेक्शन ऑफिसला फोन लावला आणि कानडीत तासभर बोलले. दुपारी वायरमन आला. लाईन बंद करून पकड बदलली. काम अर्ध्या तासाचं.

त्याच्याबरोबर ज्युनिअर इंजिनिअर मॅडम आल्या होत्या. बागलकोटकडच्या, वय पंचविशी-सव्विशीचं. मराठी समजायचं, बोलता यायचं नाही. कुणी शोधलं, असं त्यांनी विचारलं आणि मामांनी भाच्याकडं बोट केलं. सागरनं मोडक्या कानडीत तीन आकडे सांगितले. मॅडमनी त्याचं कानडी दुरुस्त केलं आणि आकडे वहीत लिहून घेतले.

मग त्यांनी विचारलं, तू कुठला, ओंकार कुठला. कागल आणि निपाणी म्हटल्यावर हसल्या. म्हणाल्या, तुम्ही दोघं शाळेत होता तेव्हा तुमच्या घरातल्या विजा एकमेकींना ओळखत नव्हत्या. दक्षिणेचं ग्रीड वेगळं आणि बाकी देशाचं वेगळं. निपाणीचा पंखा एका ठेक्यावर फिरायचा, कागलचा दुसऱ्या. २०१३ च्या ३१ डिसेंबरला रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्हीची लाईन जोडली आणि सगळा देश एका फ्रीक्वेन्सीवर आला. आता कोयनेतल्या जनित्राची वीज आणि शरावतीतल्या जनित्राची वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, एकमेकींच्या हातात हात घालून. सीमेचा खटला २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, पण विजेनं आपला निकाल कधीच लावून टाकला.

सागरचे डोळे मोठे झाले. मॅडमना बहुतेक ते ओळखीचं वाटलं असावं, कारण लगेच त्यांनी दुसरी बाजूही सांगितली. रात्री दोनला फोन येतो. पावसात खांब पडला की गाव तुमच्यावर ओरडतं. बदल्या होतात. नोकरीसाठी मोठी परीक्षा, आणि शाळेत कानडी घेतलेलं नसेल तर कानडीची वेगळी परीक्षा. चार वर्षांत गणित सुटत नाही. ज्याला गणित नको असेल त्यानं ही शाखा घेऊ नये. बरोबरच्या मुली बेंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये गेल्या, त्यांचे पगार आपल्याहून बरे आहेत. हे सगळं त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. पकड बदलून होईपर्यंतचा वेळ होता, तेवढ्यात सांगितलं, आणि सही घेऊन गेल्या.

संध्याकाळी मामांनी दोघांना समोर बसवलं. टेबलावर कॉलेजांची माहितीपत्रकं होती. गुळगुळीत कागदावर हसरे चेहरे, खाली पॅकेजचे आकडे. मामांनी एक उचललं आणि म्हणाले, "दुपारी तात्याच्या स्टार्टरवर ४१० दाखवत हुतं न्हवं? हे तसंच हाय. लोड न टाकता मोजल्यालं. ह्यात खोटं काय न्हाई, पर ह्यातनं काय कळत बी न्हाई."

मग ओंकारकडं वळले. "तुला कॉइल घालाय येत न्हाई. पर कुनी न सांगता रात्री दोनपत्तूर त्या घाण वहीत डोकं घालून बसलास. ह्येला लोड म्हनत्यात. तू कॉम्प्युटरच घे. सगळी घेत्यात म्हनून नगो, तुला झोप आली न्हाई म्हनून घे."

सागरला त्यांनी काही सांगितलं नाही. त्यानं विचारलं, "आणि मी?"

"तू रातीला नदीवर गेलास. दुपारी मीटर बरोबर दाखवत असताना तुझ्या मनाला पटलं न्हाई. आता तुझं तू बघ."

आप्पांना पटवायला दोन दिवस लागले, आणि खरं तर ते पटले नाहीतच, थकले. तेव्हा मामांनी त्यांना किर्लोस्करांची गोष्ट सांगितली. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला ते मुंबईला जेजे स्कूलमध्ये गेले. तिथं लक्षात आलं की काही रंग त्यांना नीट ओळखूच येत नाहीत. चित्रकला सुटली, यंत्रांची रेखाटनं हाती आली. पुढं बेळगावात सायकलचं दुकान, मग कडबा कापायची यंत्रं, लोखंडी नांगर, आणि १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी. मामा म्हणाले, "लाल-पिवळा-निळा ओळखाय येत नसता तर त्या मानसाला मी माझ्या दुकानात ठेवला नसता. पर त्यांच्या घराण्याच्या नावाच्या मोटरी भरूनच माझं घर चाललं." आप्पा हसले, आणि त्या हसण्यातच फॉर्म भरला गेला. मामांच्या युक्तिवादात तर्क फारसा नाही, हे वाचकाच्या लक्षात आलं असेल. घरातले निर्णय पुष्कळदा असेच होतात. त्याआधी नदीवरची ती रात्र झालेली असली म्हणजे पुरे.

सागरनं बेळगावच्या कॉलेजात इलेक्ट्रिकल घेतलं. दुसऱ्या वर्षी गणितात एका विषयात राहिला, पुढच्या वेळी सुटला. सुट्टीत दुकानात यायचा आणि येताना एकेक गोष्ट घेऊन यायचा. एकदा फेज कमी झाला की आपोआप मोटर तोडणारं साधन, एकदा रिले किती अँपियरवर ठेवायचा याचा तक्ता. मामांनी तो तक्ता भिंतीवर लावला आणि मोटर नेणाऱ्या प्रत्येकाला स्टार्टरचं झाकण उघडून काटा दाखवायला सुरुवात केली. काही गिऱ्हाइकं चिडली. काही तुटली. पुन्हा पुन्हा येणाऱ्या मोटरी कमी झाल्या, तशी मामांची मिळकतही घटली. मग ते संरक्षणाची साधनं आणि स्टार्टर विकायला लागले. नफा पूर्वीइतका नाही, असं ते स्वतःच सांगतात.

२०२५ च्या उन्हाळ्यात सागर पास झाला आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टेस्टिंगला लागला. मोटरी पूर्ण भारावर चालवून बघण्याचं काम. ओंकार पुण्यात आहे, त्याचा पगार सागरच्या जवळजवळ दुप्पट. दोघंही ते लपवत नाहीत. सागर वीजखात्याच्या परीक्षेचा अभ्यास करतोय आणि त्याचं कानडी आता मॅडमना दुरुस्त करावं लागणार नाही. आई अजून रोज रात्री फोन करून विचारते, हातमोजे घातले होतेस का.

ओंकारनं बनवलेली यादी मामांना वापरता येत नाही. ते वहीतच लिहितात. फक्त आता गिऱ्हाइकाच्या नावापुढं टीसीचा नंबर असतो, आणि तो सांगता आला नाही तर मामा मोटर उघडायला घेत नाहीत.